मामांच्या कानांचा दावा

माझे मामा तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि आता दिघीत राहतात. गुडघ्याच्या दुखापतीसाठी २० टक्के अपंगत्व धरून त्यांना डिसॅबिलिटी पेन्शन, म्हणजे अपंगत्वाबद्दलचे निवृत्तिवेतन, पूर्वीच मंजूर झालेले आहे. कानांचा उल्लेख मात्र त्या कागदांत कुठेच नाही, कारण रिलीज मेडिकल बोर्डासमोर, म्हणजे निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीत, आणखी काही त्रास आहे का असे विचारल्यावर, घरी परतण्याच्या ओढीत असलेले कितीतरी जवान देतात तेच ‘नाही’ हे उत्तर त्यांनीही दिले होते. आता कमी ऐकू येण्याचा विकार दाव्यात जोडावा, असा अर्ज आम्ही केला आहे.

गुडघा मान्य झाला म्हणून कान आपोआप मान्य होत नाहीत. प्रत्येक विकार सेवेमुळे उद्भवला किंवा सेवेमुळे बळावला, हे स्वतंत्रपणे ठरते. ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर, मामांची रेषा ४००० हर्ट्‌झपाशी एकदम खाली जाते आणि पुढे थोडी वर येते. ही खाच मोठ्या आवाजाने झालेल्या इजेची ओळखीची खूण आहे. निव्वळ वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात रेषा वरच्या कंपनसंख्येकडे उतरतच जाते. तरीही हा आलेख आजचा आहे. आमचा खरा आधार म्हणजे देवळालीला झालेल्या तोफांच्या फायरिंगनंतर कानात आवाज येत असल्याची, शाई फुटलेली, दीड ओळीची जुनी वैद्यकीय नोंद. अशा नोंदी हाती नसतील, तर माहिती अधिकारात अर्ज करून जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसकडून आधी प्रती मागवाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन.

सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ मधला धरमवीर सिंग खटल्याचा निकालही महत्त्वाचा आहे. भरतीच्या वेळी विकाराची नोंद नसेल, तर जवान तेव्हा निरोगी होता असे मानले जाते, आणि विकाराचा सेवेशी संबंध नाही असे म्हणणाऱ्या बोर्डाला त्याची कारणे द्यावी लागतात.

पैशांचा हिशेब मात्र आधीच नीट समजून घ्यावा. ५० टक्क्यांच्या आतले अपंगत्व पेन्शनसाठी ५० टक्के धरले जाते. कानांचे २० टक्के मिळाले आणि गुडघ्याच्या २० टक्क्यांशी त्यांची सरळ बेरीज झाली, तरी आकडा ४० होतो, म्हणजे रक्कम तीच राहते. शिवाय बोर्ड एकत्रित टक्केवारी ठरवताना सरळ बेरीज करतेच असे नाही. हे मी मामांना स्पष्ट सांगितले. ते म्हणाले, “पैसे नकोत रे. कान तोफेपायी गेले, एवढं कागदावर येऊ दे.” मला त्यांचे म्हणणे पूर्णपणे पटते.

अर्ज नाशिक रोडच्या रेकॉर्ड ऑफिसकडे गेला आहे. तो फेटाळला गेल्यास सहा महिन्यांच्या आत पहिले अपील करायचे, मग दुसरे, आणि तरीही दाद न मिळाल्यास सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जायचे, असे ठरले आहे. त्या दीड ओळीच्या नोंदीची प्रत आणि स्पीड पोस्टची पावती मामींनी वेगळ्या फाइलमध्ये लावून ठेवली आहे.