वाळीत पडलेल्या घराची वही

शिमग्याच्या आधीचा रविवार.

कोकणात पालख्यांचे दिवस जवळ आले की मनात एकच येतं: यंदा कुणाचं दार वगळून पालखी पुढे जाणार? वाळीत टाकताना दवंडी पिटत नाहीत. गावकी बसते, ठराव तोंडी होतो. दंड मात्र वाळीत पडलेल्याला नव्हे, त्याच्याशी बोलणाऱ्याला लागतो. खरी मेख ही. मग दुकानात साखर ‘संपलेली’ असते, गिरणीत दळण तसंच पडून राहतं, भाताच्या लावणीला कुणी फिरकत नाही. एकेकट्याला गाठून विचारलं तर राग फारसा कुणाच्या मनात नसतो, भीती सगळ्यांच्या असते.

१८९० मध्ये पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून पुढे ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उठलं. त्यात टिळक होते, रानडेही होते, आणि रानड्यांनी अखेर प्रायश्चित्त घेतलं. मग चार गुंठेवाल्याने किती ताणून धरायचं?

मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. बोहरा धर्मगुरूंच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली तो रद्द केला. पंथाचा स्वतःचा कारभार पाहण्याचा हक्क वरचढ ठरला. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ चा, अमलात आला ३ जुलै २०१७ पासून. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तक्रार पीडिताला किंवा घरच्या कुणालाही करता येते, पोलिसांत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे. गुन्हा दखलपात्र, पण जामीनपात्र. म्हणजे आरोपी लगेच सुटून येतो आणि सकाळी त्याच पाणवठ्यावर भेटतो. सहा महिन्यांत निकाल असं म्हणतात, पण ते दिवस दोषारोपपत्रापासून मोजायचे, तक्रारीपासून नाही.

तक्रारी फसतात त्या बहुतेक एका वाक्यावर: ‘आम्हाला गावाने वाळीत टाकले आहे.’ गाव आरोपी होत नाही, माणसं होतात. म्हणून वही हवी, आणि ती पहिल्या दिवसापासून. तारीख, वेळ, जागा, कोण, नेमके शब्द काय, आसपास कोण होतं. त्याच दिवशी लिहायचं. महिन्याभराने आठवून लिहिलेली वही वकील पाच मिनिटांत फाडतो.

ठराव तोंडी असला तरी नकाराला कागदावर आणता येतं. देवस्थानाची वर्गणी खजिनदाराच्या फोनवर पाठवा. ५०१ रुपये दहा मिनिटांत परत आले तर तो व्यवहार क्रमांक वहीत उतरवा. ‘वर्गणी का नाकारली’ असं पत्र टपालाने धाडा. पाकीट ‘घेण्यास नकार’ शेरा घेऊन परत आलं तर न फोडता ठेवा. व्हॉट्सॲपच्या नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नये. मूळ फोन जपा, आणि अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल, त्याबद्दल वकिलाला आधीच विचारून ठेवा.

समेटाची बोलणी येतातच: गावजेवण घाला, माफी मागा, घेतो आत. कायद्यातही तडजोड आहे, पण पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तरच. देवळाच्या पायरीवर केलेली ती तडजोड नव्हे.

वहीत एक रकाना उलटाही ठेवावा: आज कोण बोललं. साक्षीदार त्यातूनच निघतो. त्याचं नाव मात्र गरज पडेपर्यंत कुणाला सांगू नये, कारण दंड त्याच्यावर बसायचा आहे.