लिस्बनमधले शेवटचे दोन दिवस

परवा पहाटेची फ्लाइट. आज ठरवलं होतं, काहीही 'बघायचं' नाही. २८ नंबरच्या ट्रामला तर लांबूनच नमस्कार. पहिल्या दिवशी पाऊण तास रांगेत उभा राहिलो आणि शेवटी चढ चालतच चढलो.

तरी कार्मोच्या मठात गेलोच. १७५५ च्या भूकंपात छप्पर कोसळलं, ते मधल्या भागावर पुन्हा घातलंच नाही. नुसत्या दगडी कमानी आणि वर निळंशार आभाळ. तासभर बसलो, फोटो दोनच काढले.

संध्याकाळी अल्फामाच्या गल्लीतल्या टीचभर दुकानात रात्रीच्या भाजीची खरेदी. मी बोटाने खुणा करतोय, तर गल्ल्यावरच्या आजी म्हणाल्या, "बताता?" होय हो आजी, बटाटा! मग पाव दाखवला, तर तो 'पांव'. खिशातून हॉस्टेलची चावी काढली, तिला 'शाव'. आम्ही दोघं खो-खो हसलो. अठरा दिवस एकट्याने फिरतोय, इतकं मनापासून कुणाशी बोललो नव्हतो, आणि तेही चार शब्दांत. (शाळेत मराठीत आलेल्या पोर्तुगीज शब्दांची यादी पाठ करताना कंटाळा यायचा!)

आजींनी वर एक लिंबू तसंच दिलं.

आता बॅग भरायला घेतलीय. मोजे अजून ओलेच आहेत.