तुम्ही विचारलंत म्हणून

"रस्ता काय तुमच्या मालकीचा आहे का?" गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला जिन्यात, गेटपाशी, लग्नाच्या मांडवातसुद्धा विचारला गेलाय. दर वेळी घाईत काहीतरी अर्धवट उत्तर दिलं. आज बसून नीट लिहिते.

नाही, मालकीचा नाही. आम्ही महापालिकेकडे मागितलं ते एवढंच की गल्लीचं एक तोंड गाड्यांसाठी बंद करा. पायी चालणारे, सायकलवाले, व्हीलचेअरवाले आरपार जाऊ देत. गल्लीतल्या एकूण एक दारापर्यंत गाडी आजही येते, फक्त दुसऱ्या तोंडाने येते आणि तिथूनच परत जाते. अडले ते सिग्नल चुकवणारे, ज्यांचं आमच्या गल्लीत कुणाकडेच काही काम नव्हतं.

"आणि अँब्युलन्स?" हा तुमचा दुसरा प्रश्न. अर्जात आम्ही कुलपाचे, आडवे होणारे खांब मागितले होते, किल्ली अग्निशमन दलाकडे राहील असे. मिळाली वाळूने भरलेली पिंपं. एका रात्री अँब्युलन्स त्या पिंपांपाशी येऊन थांबली आणि मागे फिरून दुसऱ्या तोंडाने आत आली. पेशंट वेळेत पोचला, पण ती मागे फिरतानाचा आवाज मी खिडकीतून ऐकलाय. तेव्हा "काही होत नाही" असं मी म्हणणार नाही. खांब द्या, हेच म्हणेन.

मग एवढा अट्टहास का? कारण मी मोजलं होतं. संध्याकाळी सहा ते सात कोपऱ्यावर उभी राहून वहीत रेघा मारल्या, चार उभ्या आणि पाचवी तिरपी. तासाला चारशेच्या वर गाड्या, आणि गाडी बाजूने जात असताना दोन माणसं शेजारी-शेजारी चालली तर तिसऱ्याला जागा नाही अशी गल्ली. ब्रिटनच्या वाहतूक नियमांच्या पुस्तिकेत एक तक्ता आहे. ताशी 32 किलोमीटर वेगाची गाडी थांबायला 12 मीटर लागतात, 48 च्या वेगाला 23. आमच्या फाटकापासून वळणापर्यंतचं अंतर मी टेपने मोजलं, 17 मीटर भरलं. ते आकडे वाचल्यापासून मुलाचा हात सोडताना मला ते 17 मीटर आठवतात.

डोनाल्ड अॅपलयार्ड नावाच्या नगररचनाकाराने सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन रस्त्यांचा अभ्यास केला होता, तो 1972 मध्ये छापून आला. दिवसाला 2,000 गाड्यांच्या रस्त्यावर राहणाऱ्यांना त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते. जिथे सुमारे 16,000 गाड्या, तिथे 0.9. समोरच्या घरात मी पाच वर्षांत एकदाही गेले नव्हते, ते का, हे मला तो आकडा वाचून कळलं. रस्ता ओलांडायचाच कंटाळा यायचा.

इथपर्यंतचं मी कुणालाही ठासून सांगू शकते. पुढचं सांगताना माझी जीभ अडखळते, म्हणून ते आजवर टाळत आले.

प्रायोगिक तत्त्वावर गल्ली बंद झाली. अकराव्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात शेजारच्या गल्लीतली बाई. अर्जावर तिचीही सही होती, आठव्या नंबरची. तिला मीच तयार केलं होतं. "आज आमची होऊ दे, उद्या तुमच्यासाठी आम्ही सह्या करू," असं म्हणाले होते. ती आत आली, बसली, आणि मुलीची गणिताची जुनी वही टेबलावर ठेवून तिचं मागचं पान उघडलं. रेघा. चार उभ्या, एक तिरपी. मोजायचं कसं, हेही तिला मीच शिकवलं होतं. दोन रकाने केले होते, "आधी" आणि "आता". "आता"चा रकाना पान संपून पलीकडच्या पानावर गेला होता.

तिची मुलगी सोबत होती. तिने काही न बोलता बाही वर केली. कोपराला खपली धरली होती, दुचाकीचा आरसा घासून गेला होता.

"ताई, तुमच्या पोरांना खेळायला जागा झाली, चांगलं झालं," ती म्हणाली. "पण गाड्या गेल्या कुठे, ते बघायला तुम्ही एकदा तरी आलात का?"

मी गेले नव्हते. दोन मिनिटांच्या अंतरावर राहूनही गेले नव्हते. आणि त्या क्षणी मी काय केलं असेल? कागद काढला. सत्तरहून जास्त ठिकाणांचा आढावा, 2002 सालचा. रस्त्याची जागा कमी केली तर निम्म्या ठिकाणी आधीच्या गाड्यांपैकी 11 टक्क्यांहून जास्त गाड्या आजूबाजूच्या रस्त्यांवरूनही नाहीशा झाल्या, असं त्यात आहे. लोक वेळ बदलतात, वाट बदलतात, काही फेऱ्या करतच नाहीत. हळूहळू गाड्या कमी होतील, मी म्हणाले.

"हळूहळू म्हणजे किती?"

मला सांगता आलं नाही. ती उठली. जाताना म्हणाली, "तुम्ही सांगितलंत म्हणून मी सही केली होती."

त्या रात्री तोच कागद पुन्हा वाचला. निम्म्या ठिकाणी, म्हणजे उरलेल्या निम्म्या ठिकाणी तेवढी घट नाही. हे वाक्य मी आधी दहा जणांना वाचून दाखवलं होतं, आणि दहाही वेळा माझ्या कानांना त्याची एकच बाजू ऐकू आली होती. तेव्हाची मी आज समोर आली तर तिला विचारेन की एकाच गल्लीसाठी अर्ज का केलास? दोन्ही गल्ल्या मिळून का मागितलं नाहीस? ती म्हणेल, मोठी मागणी फेटाळली गेली असती, लहान मागितली म्हणून मिळाली. ते खरंच आहे. म्हणून तर ती चुकली असं मला ठामपणे म्हणता येत नाही.

दोन्ही गल्ल्यांचा नवा अर्ज घेऊन मी आमच्याच गल्लीत फिरले. पहिल्या वेळी 43 सह्या होत्या, या वेळी 19. "आपलं काम झालंय, आता नव्याने विषय काढलास तर आहे तेही काढून घेतील," असं मला ज्यांनी सांगितलं ती चांगली माणसं आहेत. त्यांची भीती खोटी आहे असंही नाही. हरकती आणि सूचनांची मुदत संपून पाच महिने झाले. निर्णय नाही. पिंपं तशीच उभी आहेत.

पिंपं काढा, असं मात्र मी म्हणणार नाही. मुलं उन्हं कलल्यावर खाली उतरतात, ते मला परत गमवायचं नाही. हे आप्पलपोटेपणाचं वाटलं तर वाटू दे, खरं आहे ते लिहिलं.

आता दर बुधवारी मी तिच्या गल्लीच्या कोपऱ्यावर जाते आणि आम्ही दोघी मिळून मोजतो. या बुधवारी आकडा बराच खाली आला. मी वही तिच्यापुढे केली. तिने पाहिलं आणि म्हणाली, "आजचं धरू नका ताई. आज पाऊस होता."