बारावीची रोजनिशी, मुक्काम प्लेनो

१ ऑगस्ट २०२५, शुक्रवार

कॉमन ॲप आज उघडलं. हजारावर कॉलेजं या एकाच ठिकाणी अर्ज घेतात. माहिती एकदाच भरायची, मोठा निबंध एकच, साडेसहाशे शब्दांच्या आत, आणि मग जास्तीत जास्त वीस कॉलेजांना पाठवायचा. लेक बँडच्या सरावाहून आली ती भाजूनच. शाळा उघडायच्या आधीपासून मार्चिंग बँडचा सराव असतो, तोही पार्किंगच्या डांबरावर, टेक्ससच्या उन्हात. अंघोळ केली, ताक प्यायली आणि लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलावर बसली.

नाव, पत्ता, जन्मगाव सांगली, इथपर्यंत भराभर झालं. पुढे नागरिकत्वाचा प्रश्न आला तशी म्हणाली, "बाबा, इकडे ये जरा." पर्यायांत नागरिक, ग्रीनकार्डवाले, निर्वासित आणि खाली ‘अमेरिकेबाहेरील देशाचा नागरिक’. सहा वर्षांची होती तेव्हा आलो आम्ही. पहिलीपासून इथेच शिकली. तिनं तो खालचा पर्याय निवडला, तसा व्हिसाचा रकाना उघडला. एच-४. म्हणजे माझ्या एच-१बी वर, नोकरीच्या व्हिसावर, अवलंबून असलेली. तिला काही वाटलं नसावं, निदान दिसलं तरी नाही. मीच उठून पाणी प्यायलो.

गंमत पुढे आहे. टेक्ससच्या सरकारी विद्यापीठांसाठी रहिवासाचे वेगळे प्रश्न असतात. आईवडील किती काळ राज्यात राहतात, कर कुठे भरतात, घर आहे का. तिथे एच-४ ला अडचण नाही, ती टेक्ससची रहिवासी ठरते. ऑस्टिनच्या यूटीत, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ टेक्ससमध्ये, राज्यातल्या मुलाची वर्षाची फी बारा-तेरा हजार डॉलरच्या घरात, बाहेरच्याची चाळीस हजारांच्या वर. म्हणजे या एका ‘हो’ची किंमत केवढी!

१९९७ ला बारावी झाल्यावर मी याच कामासाठी तहसील कचेरीत उभा होतो. शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प, आणि कारकून म्हणणार ‘उद्या या’. हातात पडला तो ‘नॅशनॅलिटी-डोमिसाइल’चा दाखला. दोन्ही एकाच कागदावर, एकाच गोल शिक्क्याखाली. या दोन गोष्टी सुट्या सुट्या मिळू शकतात हे डोक्यात यायचं कारणच नव्हतं.

२४ ऑगस्ट, रविवार

रँक कळला. पहिल्या पाच टक्क्यांत नाही, सहा टक्क्यांत आहे.

हे आईला फोनवर समजावताना घाम फुटला. "म्हणजे कितवी आली?" हा तिचा सरळ प्रश्न. म्हटलं, वर्गात नव्हे, साऱ्या तुकड्या धरून साठावी वगैरे. "मग चांगलंय की." चांगलं आहेच. पण ऑस्टिनच्या थेट प्रवेशाची रेघ यंदापासून पाच टक्क्यांवर आली, गेल्या वर्षापर्यंत सहावर होती.

या नियमाची गोष्ट मला आवडते. १९९६ मध्ये इथल्या संघीय न्यायालयानं प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केली. मग १९९७ मध्ये, म्हणजे मी सांगलीत पीसीएमचे मार्क आणि होम युनिव्हर्सिटीच्या सत्तर टक्के जागा यांचं गणित मांडत होतो त्याच साली, टेक्ससच्या विधिमंडळानं कायदा केला : राज्यातल्या कुठल्याही शाळेतल्या पहिल्या दहा टक्क्यांना हव्या त्या सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश. शाळा डॅलसच्या श्रीमंत उपनगरातली असो की पार पश्चिमेकडच्या, तेलविहिरींशेजारच्या गावातली. पुढे ऑस्टिनमध्ये इतकी मुलं अशी यायला लागली की त्यांच्यापुरता कायदा बदलला. आता तिथे राज्याच्या वाट्याच्या तीन चतुर्थांश जागा या पद्धतीनं भरतात आणि त्यासाठी टक्का किती ठेवायचा ते विद्यापीठ ठरवतं. बाकी ठिकाणी दहाच. म्हणजे टेक्सस ए अँड एम विद्यापीठ आणि आमच्या शेजारचं यूटी डॅलस तिला आजच पक्कं आहे, अर्ज वेळेत गेला की झालं. फक्त प्रवेश विद्यापीठात, हव्या त्या शाखेत नव्हे. इंजिनीअरिंगला पुन्हा वेगळी चाळण.

आमच्या भागातल्या शाळांत या टक्क्यांपायी जे चालतं ते मात्र बघवत नाही. एपी म्हणजे कॉलेजच्या पातळीचे विषय, त्यांना जास्त वजन. बँड, चित्रकला, नाटक यांना साधं वजन. तिथे शंभर मिळाले तरी सरासरी खालीच येते. त्यामुळे हुशार पोरं दहावीत वाद्य खाली ठेवतात. आमच्या ओळखीतल्या दोघांनी व्हायोलिन सोडलं, आईबापांनीच सोडायला लावलं. हिनं क्लॅरिनेट चारही वर्षं धरून ठेवली. तेव्हाही मी हिशेब करून दाखवला होता, एक्सेलमध्ये. तिनं बघितला, "ओके" म्हणाली आणि बँडचा फॉर्म भरला. आज रँक बघून हिची आई माझ्याकडे बघत होती. मी काही बोललो नाही. हिशेब बरोबर होता हे सांगण्यात काय अर्थ आहे?

७ सप्टेंबर, रविवार

ॲक्टिव्हिटीजचे दहा रकाने. प्रत्येकी दीडशे अक्षरं, शब्द नव्हे. बँड, क्लॅरिनेट विभागाची प्रमुख, मंडळाच्या मराठी शाळेत छोट्यांना शिकवणं, वाचनालयातली सेवा. मैत्रिणींच्या यादीत नोकरी आहे : कुणी किराणा दुकानात काउंटरवर, कुणी आइस्क्रीमच्या दुकानात, कुणी उन्हाळ्यात पगारी इंटर्न. हिला एच-४ वर एक डॉलरही कमवायची परवानगी नाही. बेबीसिटिंगचे पैसेसुद्धा नाहीत. ‘सोळाव्या वर्षापासून स्वतःच्या पायावर’ हा इथला लाडका मजकूर तिच्या अर्जात येऊच शकत नाही. काउन्सेलर बाई भल्या आहेत. त्या म्हणाल्या, हे ‘अतिरिक्त माहिती’त दोन ओळींत लिही, रडगाणं नको. लिहिलं. दोनच ओळी.

२० सप्टेंबर, शनिवार

काल शुक्रवार, म्हणजे फुटबॉलची मॅच. आम्ही बँडवाल्यांचे आईबाप स्टेडियमच्या एका कोपऱ्यात बसतो. मॅचमधलं आम्हाला फारसं कळत नाही, आमचा खेळ हाफटाइमचा. दुसऱ्या क्वार्टरला फोन गुरगुरायला लागले. राष्ट्राध्यक्षांनी सही केली, एच-१बी ला एक लाख डॉलर फी. नव्यांना की जुन्यांना, दरवर्षी की एकदाच, कुणालाच धड माहीत नव्हतं. रविवारपासून लागू एवढं कळलं. आईच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेलेला मित्र विमानतळावर निघाल्याचा निरोप आला, ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी. एकानं कंपनीच्या वकिलाची मेल टाकली : देशाबाहेर असाल तर चोवीस तासांत परत या.

तेवढ्यात बँड मैदानात आला. आमच्या ओळीतले निम्मे बाप फोनमध्ये माना घालून. हिची आई मला कोपर मारून म्हणाली, "वर बघ." लेक चाळीस यार्डाच्या रेघेपाशी, टोपीचा तुरा वाऱ्यावर, मागे मागे चालत वळण घेत होती. मागे न बघता. हे त्यांना कसं जमतं मला अजून कळलेलं नाही.

आज खुलासा आला. फक्त नव्या अर्जांना, आणि एकदाच. मित्र दोहापर्यंत पोचला होता.

माझ्या ग्रीनकार्डच्या रांगेची तारीख २०१६ ची. सरकारी पत्रकात भारतीयांची गाडी २०१३ वर घुटमळतेय, कधी मागेही जाते. ही एकवीस वर्षांची झाली की माझ्या रांगेतून बाहेर पडायला लागेल. मग एफ-१ हा विद्यार्थी-व्हिसा, परदेशातून शिकायला आल्यासारखी. कॉलेजचं तिसरं वर्ष संपता संपता. हे तिला ठाऊक आहे. तिनं ते इतक्या कोरडेपणानं सांगितलं होतं की मीच विषय बदलला.

१२ ऑक्टोबर, रविवार

ऑस्टिनला लवकर निकाल हवा असेल तर १५ ऑक्टोबर ही शेवटची तारीख. यूटीला एसएटी ही प्रवेशासाठीची परीक्षा पुन्हा सक्तीची झालीय, ते गुण उन्हाळ्यातच झाले होते. घोडं अडलं होतं निबंधावर.

निबंधाचा इथे मोठा धंदा आहे. तासावर पैसे घेणारे सल्लागार असतात, आणि एका ओळखीच्यांनी आग्रहानं अशा एका बाईंशी फोन जुळवून दिला. बाईंनी विचारलं, गावी काही वेगळा अनुभव? मी भाबडेपणानं सांगितलं : आमचं मूळ गाव जत तालुक्यातलं, उन्हाळ्यात टँकर यायचा, आणि हिला पाण्याच्या इंजिनीअरिंगमध्येच जायचंय. बाई खूश. "तोच निबंध!" म्हणाल्या. लेकीनं फोन ठेवल्यावर सांगितलं, "बाबा, टँकरच्या रांगेत तू उभा होतास. मी आजीकडे सुट्टीत जाते तेव्हा एसीत झोपते." वाद घालायला जागाच ठेवली नाही.

तिनं लिहिलं बँडवर. प्रत्येकाला कागदावर एक ठिपका नेमून दिलेला असतो : इतक्या यार्डांच्या रेघेपासून इतकी पावलं आत, इतकी पुढे. ठिपक्यावरून ठिपक्यावर जायचं. नववीत तिचा ठिपका सतत चुकायचा आणि आता ती नववीतल्यांचे ठिपके तपासते, एवढंच. एका मुलाला तिनं दुपारभर चालायला कसं शिकवलं त्याचा एक लांब परिच्छेद आहे, तो वाचताना मला हसू आवरेना. आधीच्या खर्ड्यात शेवटी एक वाक्य होतं : सरकारी फॉर्मवर माझी जागा कुठली ते ठरत नाही, पण मैदानावर ठरलेली आहे. मला भलतंच आवडलं होतं. आज बघतो तर गायब.

"का गं काढलंस?"

"ते वाचून लोकांना माझी दया येईल."

माझ्या मते वाक्य ठेवायला हवं होतं. पण अर्ज तिचा आहे. मंगळवारी रात्री पाठवणार म्हणाली, बुधवारी बँडची स्पर्धा आहे.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन झालं. आईनं व्हिडिओवर विचारलं, "लागला का निकाल?" जानेवारीच्या मध्यापर्यंत, असं चौथ्यांदा की पाचव्यांदा सांगितलं. तिला पटत नाही. परीक्षा दिलेली नाही आणि निकालाची वाट काय बघता, हे तिचं म्हणणं. मलाही त्यात तथ्य वाटतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

पैशांचे फॉर्म. संघीय मदतीचा फाफसा नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांसाठी, तो आम्ही भरायचाच नाही. फाफसा भरता येत नाही पण राज्याचे रहिवासी आहेत अशांसाठी टेक्ससचा वेगळा टासफा आहे, तो भरला. माझा पगार बघता हाती फारसं काही लागणार नाही.

खासगी कॉलेजांच्या यादीवर आज तिनं स्वतःच काट मारली. त्यांच्या लेखी ती परदेशी विद्यार्थिनी. बहुतेक ठिकाणी परदेशी मुलाचा अर्ज वाचताना घरचे किती पैसे भरू शकतात तेही बघतात. न बघणारी म्हणजे हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट अशी मोजकीच, आणि तिथे प्रवेशाची शाश्वती कुणालाच नसते. एमआयटी तिनं ठेवलंय. "एक लॉटरीचं तिकीट," म्हणाली. त्यांचा अर्जही कॉमन ॲपवर नाही, स्वतंत्र आहे, म्हणजे आणखी पाच छोटे निबंध. त्यांतल्या एकात टँकर आलाय. मी विचारलं, तो तर माझा होता ना?

"हो, तुझाच आहे. तसंच लिहिलंय : माझे बाबा रांगेत उभे राहायचे." मग मला उद्या संध्याकाळी मोकळा राहायला सांगितलं. टँकर किती लिटरचा असायचा, दर किती दिवसांनी यायचा, आणि घागरी भरायला कोण जायचं, हे सगळं तिला विचारून घ्यायचंय. लिटरचं मलाच नक्की आठवत नाही. सकाळी आईला फोन करतो.