ग्रीन बेल्ट, आर.ए. बिलं आणि माझं टेबल

माझ्याकडे ग्रीन बेल्टची, म्हणजे कामातल्या चुका कमी करण्याच्या 'सिक्स सिग्मा' पद्धतीतल्या एका पातळीची, दोन सर्टिफिकेटं आहेत. पहिलं एका शनिवार-रविवारात मिळालं. एका इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये दोन दिवस स्लाइड बघितल्या, रविवारी संध्याकाळी चहाबरोबर चाळीस प्रश्नांचा पेपर सोडवला आणि सोनेरी किनारीचा कागद हातात पडला. बॅचमध्ये कुणीच नापास झालं नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

मी ऑफिस इंटिरिअरची कामं करणाऱ्या कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. पीएमपी हे प्रोजेक्ट मॅनेजरचं सर्टिफिकेट आधीच झालं होतं. ते पीएमआय ही एकच संस्था देते, त्यामुळे त्यात घोळ नसतो. तसंच इथेही असेल असं मी धरून चाललो. पण सिक्स सिग्माला असा कुणी मालकच नाही. १९८६ साली मोटोरोलात बिल स्मिथ या इंजिनिअरने ते सुरू केलं, नव्वदच्या दशकात जनरल इलेक्ट्रिकने गाजवलं, आणि आज बेल्ट कुणीही वाटू शकतं. सोनेरी कागद दाखवल्यावर आमचे डायरेक्टर हसले. म्हणाले, "खरी परीक्षा दे, फी कंपनी भरेल. पण आधी इथला एक प्रॉब्लेम सोडव."

आयएएसएससी आणि एएसक्यू या ग्रीन बेल्टची परीक्षा घेणाऱ्या दोन संस्था. आयएएसएससीची परीक्षा पुस्तक न बघता द्यायची, अनुभवाची अट नाही. एएसक्यूला तीन वर्षांचा संबंधित अनुभव लागतो, पण पुस्तकं घेऊन बसता येतं. मी एएसक्यू घेतली. पुस्तकं नेता येतात म्हणून सोपी, हा माझा दुसरा गैरसमज. एकशे दहा प्रश्न आणि चार तास अठरा मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला अडीच मिनिटंसुद्धा पूर्ण मिळत नाहीत, पुस्तकात शोधणार कधी?

अभ्यास लोकलमध्ये केला. मुलुंडहून मुद्दाम स्लो पकडायचो, करी रोडला उतरून लोअर परळपर्यंत चालत. सिग्मा म्हणजे काय ते गाडीतच समजलं: मापं सरासरीपासून किती विखुरतात ते सांगणारं एकक. चूक होण्याच्या दहा लाख संधींमागे ३.४ चुका ही सिक्स सिग्माची म्हणून प्रसिद्ध असलेली संख्या खरं तर साडेचार सिग्माची आहे. प्रक्रिया कालांतराने सरकते असं गृहीत धरून दीड सिग्मा आधीच वजा केलेला असतो. हे वाचून मला फसवल्यासारखं वाटलं होतं, अजूनही थोडं वाटतं.

कंट्रोल चार्ट, म्हणजे नेहमीचा चढउतार कुठला आणि वेगळा कुठला ते दाखवणारा आलेख, मात्र मनापासून आवडला. तो १९२४ साली वॉल्टर श्युहार्ट या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनी काढला. मी जून-जुलैचे पंचवीस दिवस गाडी करी रोडला किती मिनिटं उशिरा पोचली ते वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. लागोपाठच्या दोन दिवसांमधले फरक काढायचे, त्यांच्या सरासरीला २.६६ ने गुणायचं, आणि तेवढं मूळ सरासरीच्या वर-खाली गेलं की मर्यादा मिळतात. रोजची तीन ते आठ मिनिटं मर्यादेच्या आत होती. ती त्या गाडीची सवयच. पाणी भरलं त्या दिवशीची बावन्न मिनिटं एकटीच वर जाऊन बसली. त्यामागे वेगळं कारण होतं, ते शोधण्यात अर्थ आहे. आमच्या सोमवारच्या मीटिंगमध्ये मात्र आत असलेल्या प्रत्येक ठिपक्याचं स्पष्टीकरण मागतात.

परीक्षेच्या आठवड्यात एक धावपळ झाली. सुटे कागद चालत नाहीत म्हणून नोट्सना स्पायरल बाइंडिंग करून घेतलं. घरी येऊन नियम पुन्हा वाचले, तर सरावाचे प्रश्न-उत्तरं असलेला मजकूरही चालत नाही. माझ्या नोट्समध्ये मधे मधे तेच होते. पुन्हा झेरॉक्सवाल्याकडे गेलो. तो स्पायरल काढता काढता म्हणाला, "काका, कॉपी करताय की पेपर देताय?" पेपर दिला, पास झालो. त्यावर अधिक सांगण्यासारखं काही नाही.

प्रॉब्लेम मी निवडला तो ठेकेदारांच्या आर.ए. म्हणजे रनिंग अकाउंट बिलांचा, काम चालू असताना झालेल्या कामापुरती जी देतात त्यांचा. सुतार, पीओपीवाले, पेंटर, सगळ्यांची तक्रार एकच, बिल सुटत नाही. सिस्टीम सांगत होती, बिल पास व्हायला सरासरी नऊ दिवस लागतात. पेंटिंगच्या ठेकेदार काकांना हे सांगितलं, तर त्यांनी शांतपणे विचारलं, "साहेब, हे नऊ दिवस कुठल्या कॅलेंडरातले?"

डीमेक म्हणजे सिक्स सिग्माचे पाच टप्पे: प्रॉब्लेम ठरवा, मोजा, कारण शोधा, सुधारा, टिकवा. त्यातला दुसरा टप्पा मोजण्याचा. मी सहा महिन्यांतली सत्तेचाळीस बिलं काढली आणि ठेकेदारांच्या स्वतःच्या वह्यांमधल्या तारखांशी ताडली. काकांच्या वहीत प्रत्येक बिलापुढे 'दिलं' आणि 'आले' अशा दोनच तारखा होत्या. आमच्या सगळ्या सॉफ्टवेअरपेक्षा ती वही नेमकी होती. हिशेब लागला सव्वीस दिवसांचा. सिस्टीमचं घड्याळ इनवर्डचा, म्हणजे आवक झाल्याचा, शिक्का बसल्यावर सुरू व्हायचं आणि बिल पास झालं की थांबायचं. शिक्क्याआधी बिल साईट केबिनच्या ट्रेमध्ये अकरा दिवस पडून असायचं. पास झाल्यावर अकाउंट्समध्ये आणखी सहा.

अकरा दिवसांचं कारण पॅरेटो, म्हणजे जास्त वेळा येणारं कारण आधी असा आलेख, काढल्यावर स्वच्छ दिसलं. एकोणतीस बिलं निदान एकदा परत गेली होती, त्यातली एकवीस एकाच कारणाने. ठेकेदार आणि आमचा इंजिनिअर यांनी मिळून घेतलेल्या मापाच्या, म्हणजे जॉइंट मेजरमेंटच्या, शीटवर दोघांपैकी एकाची सही नसायची. कामावर पीओपी लागून रंगही झाल्यावर आतलं माप घ्यायला दोघं कुठून एकत्र येणार?

मधले नऊ दिवस उघडले, तेव्हा मात्र मी लॅपटॉप बंद करून खाली चहाला गेलो. त्यातले पाच माझ्या टेबलावरचे होते. मी बिलांवर शनिवारी एकदम सह्या करायचो, आणि एखादा शनिवार साईटवर गेला की पुढचा. एका बिलाला माझी दहा मिनिटं लागतात. सगळ्यांचं मिळून बिलावर प्रत्यक्ष काम साडेतीन तासांचं. सव्वीस दिवसांच्या मानाने ते पावणेदोन टक्केसुद्धा भरत नाही. टोयोटाचे ताइची ओहनो यांनी अपव्ययाचे जे सात प्रकार सांगितले, त्यात 'थांबणं' येतं. तो शब्द मी परीक्षेसाठी पाठ केला होता.

उपाय साधे होते. बिल आलं की अपुरं असलं तरी तारखेचा शिक्का लगेच. दर शुक्रवारी ठेकेदार आणि आमचा बिलिंग इंजिनिअर मिळून झालेल्या कामाचं माप घेणार आणि जागेवरच सह्या करणार. माझी सही रोज दुपारी जेवणाआधी. अकाउंट्सच्या सहा दिवसांना मात्र हात लावता आला नाही. पैसे महिन्यातून ठरलेल्या दोनच तारखांना सुटतात. मी फिशबोन, म्हणजे माशाच्या काट्यासारखी कारणांची आकृती, घेऊन गेलो, तर फायनान्सच्या मॅडम म्हणाल्या, "हा कॅश फ्लो आहे, यात तुमचा मासा पोहणार नाही."

दहा दिवसांचं उद्दिष्ट लिहिलं होतं, चार महिन्यांत चौदावर आलो. डायरेक्टरांनी फी भरली. काकांनी वहीत काही न बोलता नवीन तारखा लिहिल्या.

पाचव्या महिन्यात चार्टवर एक ठिपका वरच्या मर्यादेच्या पार बाहेर गेला. त्या बिलाची फाईल काढली. साईटवरून वेळेत निघालं होतं, शीटवर दोन्ही सह्या होत्या, इनवर्डचा शिक्का त्याच दिवशीचा. मग माझ्या टेबलावर आलं आणि तिथे अकरा दिवस राहिलं. मी गणपतीला कुडाळला होतो. सुधारणा टिकवायला कुणी काय करायचं तो कंट्रोल प्लॅन मीच लिहिला होता, आणि त्यातला 'रजेवर असताना सही कोण करणार' हा रकाना मी रिकामा सोडला होता.