यू स्ट्रीट ते जॉर्जिया ॲव्हेन्यू : खाद्यनोंदी, वसंतापासून गणपतीपर्यंत

मागच्या नोंदीत ठरवलं होतं, की नवीन ठिकाणं शोधण्याचा वेग कमी करायचा आणि आवडलेल्या ठिकाणी पुन्हा पुन्हा जायचं. या मोसमात तेच केलं. वॉशिंग्टन डीसी, मेरीलँड आणि उत्तर व्हर्जिनिया या आपल्या पट्ट्यात आफ्रिकन, कॅरेबियन आणि अमेरिकी दक्षिणेकडचं जेवण देणारी कृष्णवर्णीय मालकांची उपाहारगृहं एवढी आहेत, की यादी वाढवायची म्हटलं तर आयुष्य पुरणार नाही. पण यादीच वाढवत बसलं तर प्रत्येकाच्या वाट्याला आपण एकदाच येतो. शनिवारी संध्याकाळी गर्दीत येऊन फोटो काढून गेलेलं गिऱ्हाईक मंगळवारी दुपारचं रिकामं टेबल भरत नाही. भाडं मात्र मंगळवारचंही लागतं. म्हणून मोजकी ठिकाणं आपली मानायची, आठवड्याच्या मधल्या दिवशी जायचं, आणि घरच्या-मंडळाच्या मोठ्या ऑर्डरी तिथेच वळवायच्या, असं सध्या चाललं आहे.

इथिओपियन

सगळ्यात जास्त प्रगती इथे. अमेरिकेतली इथिओपियन लोकांची सर्वांत मोठी वस्ती आपल्याच भागात आहे. १९८०च्या दशकात त्यांची उपाहारगृहं ॲडम्स मॉर्गनमध्ये अठराव्या स्ट्रीटवर होती. तिथली भाडी वाढत गेली तशी ती यू स्ट्रीटजवळ नवव्या स्ट्रीटकडे सरकली, मग सिल्व्हर स्प्रिंग आणि अलेक्झांड्रियाकडे. माझं नेहमीचं ठिकाण सिल्व्हर स्प्रिंगमध्ये आहे. छोटं, कुटुंबाने चालवलेलं, पुढच्या काउंटरवर इंजेराच्या, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या त्यांच्या मोठ्या मऊ धिरड्याच्या, प्लास्टिकच्या पिशव्या रचून ठेवलेल्या.

शाकाहारी मंडळींना पुन्हा सांगते : इथिओपियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपासाला मांस, अंडं, दूध, तूप काहीच चालत नाही, आणि हा उपास दर बुधवारी आणि शुक्रवारी असतो, शिवाय ईस्टरच्या आधी सलग ५५ दिवस. त्यामुळे यांच्या स्वयंपाकघरात शाकाहार ही कोणासाठी केलेली सोय नाही, तो त्यांचाच जुना स्वयंपाक आहे. ‘बेयायनेतू’ मागवा. एका मोठ्या इंजेरावर मसुराची लाल डाळ, पिवळी वाटाण्याची डाळ, कोबी-बटाटा-गाजर, पालेभाजी, बीट असं सगळं मांडून येतं. सोबत ‘शिरो’ वेगळा मागवा. भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, कांदा, लसूण, बरबेरे हा त्यांचा मिरचीचा लाल मसाला, आणि छोट्या मातीच्या भांड्यात रटरटत टेबलावर. पिठल्यावर वाढलेल्या माणसाला पहिल्याच घासाला ओळख पटते. माझ्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या, त्यांनी दुसऱ्यांदा शिरो मागून घेतला आणि बरबेरेत काय काय असतं ते मालकीणबाईंकडून लिहून घेतलं.

याच मालकीणबाईंनी जूनमध्ये मला आत भट्टीशी नेलं. टेफ या त्यांच्याकडच्या बारीक धान्याचं पीठ पाण्यात कालवून दोन-तीन दिवस आंबवलेलं होतं, वर पिवळसर पाणी सुटलं होतं. ते पाणी काढून टाकलं, पिठाचा थोडा भाग पाण्यात शिजवून परत मिसळला. मग मितादवर, म्हणजे त्यांच्या मोठ्या गोल तव्यावर, कडेपासून सुरू करून गोल गोल फिरवत मध्यापर्यंत धार सोडली. काही सेकंदांत सगळीकडे बारीक डोळे उघडले. डोळे उघडले की झाकण. उलटायचं नाही, वाफेवरच वरची बाजू शिजते. शेवटी गवताच्या विणलेल्या चटईवर सरकवून काढून घेतलं. त्या म्हणाल्या, “डोळे सगळीकडे सारखे नसले तर मी ते गिऱ्हाइकाला देत नाही, घरी खाते.” इंजेरा घेताना पूर्ण टेफचा आहे का ते विचारा. टेफ महाग असल्याने बरेच जण त्यात मैदा किंवा बार्ली मिसळतात. पूर्ण टेफचा थोडा जास्त पैशाने मिळतो, आणि तो घ्यावा.

तिथे एकदा मलिक अंबरचा विषय निघाला. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. त्याने १६१०मध्ये खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथल्या नहर-ए-अंबरीबद्दल, म्हणजे त्याने शहराला पाणी आणण्यासाठी बांधलेल्या नहरीबद्दल, मी सांगितलं तेव्हा मालकीणबाईंनी आतून मुलाला बोलावून घेतलं, आणि मला पहिल्यापासून सगळं परत सांगायला लावलं.

बेन्स चिली बोल

हे ठिकाण सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. पण थोडक्यातही एक गोष्ट नीट सांगायला हवी. हे सुरू करणारे बेन अली ट्रिनिडादचे, भारतीय वंशाच्या मुस्लिम कुटुंबातले. हॉवर्ड विद्यापीठात शिकायला आले, आणि १९५८मध्ये पत्नी व्हर्जिनिया यांच्यासोबत यू स्ट्रीटवर हे दुकान काढलं. एप्रिल १९६८मध्ये मार्टिन लूथर किंग यांच्या हत्येनंतर हा सगळा रस्ता पेटला होता, संचारबंदी होती, तरी बेन्स उघडं राहिलं. पुढे मेट्रोच्या ग्रीन लाइनसाठी रस्ता खणला गेला तेव्हा आजूबाजूची दुकानं एकेक करून बंद पडली, पण हे टिकलं. १९९१मध्ये यू स्ट्रीट स्टेशन सुरू झालं. खणलेला रस्ता ओलांडून त्या काळात जी माणसं जेवायला येत राहिली, त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो. शाकाहारींसाठी इथे भाज्यांची चिली, म्हणजे दाट मसालेदार रस्सा, मिळते. बाकीच्यांनी हाफ-स्मोक हा इथला धुरी दिलेला सॉसेज घ्यावा, चिली आणि मोहरीसकट.

कॅरेबियन, आणि बोकडाचं मटण

अमेरिकेत बोकडाचं मटण मिळत नाही म्हणून हळहळणाऱ्या सगळ्यांना कळकळीने सांगते, जॉर्जिया ॲव्हेन्यूवर जा. हॉवर्डपासून वर सिल्व्हर स्प्रिंगपर्यंत जमैकन टपऱ्या आणि उपाहारगृहं आहेत, आणि ‘करी गोट’ बहुतेकांकडे असतं. भारतीय मजुरांचं पहिलं जहाज १८४५मध्ये जमैकाला लागलं, त्याच वर्षी ट्रिनिडादलाही. करी त्यांच्याबरोबर गेली, आणि जमैकात तिला ऑलस्पाइस, थाइम आणि स्कॉच बॉनेट मिरची मिळाली. हाडासकट बारीक तुकडे, हळदीचा गडद रंग, बटाटा रश्श्यात विरघळलेला. आपल्यापेक्षा तिखट कमी वाटतं, पण स्कॉच बॉनेटचा वास शेवटपर्यंत राहतो. सोबत ‘राइस अँड पीज’ असतं, ते मटारचं नसून राजम्याचं असतं, नारळाच्या दुधात शिजवलेलं. ऑक्सटेल, म्हणजे गाईबैलाच्या शेपटीचं मांस, आता बहुतेक ठिकाणी फार महाग झालंय. मालकावर त्याबद्दल चिडू नका, बाजारात तो तुकडाच महागला आहे.

ट्रिनिडादी डबल्स मात्र सकाळीच. ‘बारा’ नावाच्या मऊ तळलेल्या दोन पुऱ्या, मध्ये हरभऱ्याची पातळ उसळ, वर चिंचेची चटणी आणि पेपर सॉस. दुपारपर्यंत संपतात.

पश्चिम आफ्रिका : चवळी सुरू केली

हा या मोसमातला नवा भाग. प्रिन्स जॉर्जेस काउंटीमध्ये नायजेरियन, घानाई, सिएरा लिओनी स्वयंपाक करणारी बरीच ठिकाणं आहेत. मी एका नायजेरियन कुटुंबाचं ठिकाण धरलं. तिथे शनिवारी सकाळी ‘अकारा’ असतो. चवळी भिजवून, सालं चोळून काढून, कांदा-मिरचीबरोबर वाटतात आणि भरपूर फेटतात. फेटण्यानेच हलकेपणा येतो, सोडा घालत नाहीत. मग चमच्याने तेलात सोडतात. बाहेरून कुरकुरीत, आत पोकळ-मऊ. बहुतेक ठिकाणी पूर्ण शाकाहारी असतो, तरी विचारून घ्या. ‘मोईमोई’मध्ये, म्हणजे वाटलेल्या चवळीच्या वाफवलेल्या वड्यांत, मात्र सुकट किंवा अंडं असू शकतं, एगुसी या कलिंगडासारख्या फळाच्या बियांच्या रश्श्यात सुकी मासळी जवळजवळ असतेच, आणि जोलोफ हा टोमॅटोचा भात बऱ्याचदा कोंबडीच्या स्टॉकमध्ये शिजतो.

चवळी मूळ पश्चिम आफ्रिकेची. ज्वारी, बाजरी, नाचणी याही आफ्रिकेतूनच काही हजार वर्षांपूर्वी भारतात आल्या. देशावरची भाकरी आणि कोकणातलं नाचणीचं सत्त्व ज्या शेतकऱ्यांनी पहिल्यांदा ती पिकं माणसाळवली त्यांचं देणं आहे, हे मला या छंदात शिरल्यावर कळलं. तेव्हापासून मी तिथे जरा जास्त आपलेपणाने जाते.

मांसाहारींसाठी ‘सूया’. पातळ कापलेलं बीफ किंवा कोंबडी, शेंगदाण्याच्या कुटाच्या तिखट मसाल्यात घोळवून निखाऱ्यावर. कागदात गुंडाळून मिळतं, वर कच्चा कांदा, टोमॅटो आणि जास्तीचा मसाला. गाडीत बसून गरम असतानाच खावं.

दक्षिणेकडचं जेवण

इथे अजून मी नवशिकी आहे. आपण व्हर्जिनियात राहतो, म्हणून दोन नावं तरी प्रत्येकाला ठाऊक असावीत. हर्क्युलीस पोझी हा जॉर्ज वॉशिंग्टनचा गुलाम स्वयंपाकी. फिलाडेल्फियात राष्ट्राध्यक्षांचं स्वयंपाकघर त्याने चालवलं आणि २२ फेब्रुवारी १७९७ला, वॉशिंग्टनच्या ६५व्या वाढदिवशी, तो वॉशिंग्टनच्या व्हर्जिनियातल्या माउंट व्हर्नन या इस्टेटीतून निसटला. जेम्स हेमिंग्ज हा पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनचा गुलाम, पॅरिसमध्ये रीतसर शिकलेला शेफ, १७९६मध्ये मुक्त झाला. आज ज्याला अमेरिकी जेवण म्हणतात त्याचा मोठा भाग अशा हातांनी घडवला, आणि त्यातल्या बहुतेक हातांना मजुरी मिळाली नाही. मालकी हक्काच्या दुकानाचं मोल म्हणून वेगळं आहे.

व्यवहाराची गोष्ट : कोलार्ड ग्रीन्स या पालेभाजीत स्मोक्ड टर्की किंवा डुकराचं हाड असतं, चवळीच्या डाळीतही. शाकाहारी आहोत असं नुसतं सांगू नका, “कशात शिजवलंय?” असं विचारा. मॅक अँड चीज, कँडीड याम (साखरेच्या पाकातली रताळी) आणि कॉर्नब्रेड (मक्याच्या पिठाचा पाव) यांवर माझी मैत्रीण आनंदाने जेवते.

पैशाचं

यावर मागच्या वेळी बऱ्याच जणांनी विचारलं होतं. डिलिव्हरी ॲप उपाहारगृहाकडून ऑर्डरमागे साधारण १५ ते ३० टक्के घेतं. या धंद्यात मुळात नफा किती पातळ असतो ते पाहिलं तर ही रक्कम कुठून जाते हे वेगळं सांगायला नको. माझ्या नायजेरियन ठिकाणच्या काकांनी एकदा मला ॲपचा आणि स्वतःचा असे दोन हिशोब शेजारी शेजारी ठेवून दाखवले. त्या दिवसापासून मी फोन करते आणि स्वतः जाऊन आणते. आणखी एक : करोनाच्या सुरुवातीला, फेब्रुवारी ते एप्रिल २०२० या दोन महिन्यांत, अमेरिकेत चालू धंद्याच्या कृष्णवर्णीय मालकांची संख्या ४१ टक्क्यांनी घटली होती. बँकेशी जुनं नातं नसलेल्या छोट्या दुकानांना सरकारी कर्ज मिळायलाही वेळ लागला. अशा वेळी हाताशी असतं ते रोजचं गिऱ्हाईक.

मोठ्या ऑर्डरींची बातमी चांगली आहे. गणेशोत्सवाच्या स्वयंसेवकांच्या तयारीच्या बैठकीला दर वर्षी पिझ्झा यायचा. यंदा मी आणि एका काकूंनी मिळून कार्यकारिणीला पटवलं आणि सिल्व्हर स्प्रिंगच्या मालकीणबाईंकडून बेयायनेतूची मोठी ताटं आणली. दोन दिवस आधी फोन, पैसे थेट त्यांना, टिप वेगळी. जैन शेजारी सोडून सगळे जेवले. जैनांसाठी कांदा-लसणाशिवायचं करून देता येईल का यावर त्यांच्याशी बोलणं चालू आहे. पिवळी डाळ आणि कोबी जमेल असं त्या म्हणाल्या.

पुढचं

नवीन वर्षाच्या दिवशी दक्षिणेकडे चवळी-भाताचा ‘हॉपिन जॉन’ आणि कोलार्ड खातात. त्याची आगाऊ ऑर्डर डिसेंबरच्या मध्यापर्यंत घेतात, उशीर झाला तर मिळत नाही. स्मोक्ड मांसाशिवायची चवळी हवी असणाऱ्यांनी मला आधी कळवा. दहा-बारा घरं झाली तर वेगळं पातेलं चढवायला एक जण तयार आहेत. बोवी आणि लार्गोकडे राहणाऱ्यांनी तिकडच्या घानाई ठिकाणांच्या नोंदी पाठवाव्यात, विशेषतः केंके (आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे) आणि शितो (काळसर तिखट चटणी) कोणाकडे रोज मिळतं ते. आणि बरबेरेची सासूबाईंनी लिहून घेतलेली यादी मी पुढच्या नोंदीत देईन. मालकीणबाईंनी परवानगी दिली आहे, फक्त म्हणाल्या, की मसाला घरी केलात तरी इंजेरा माझ्याकडूनच न्या.