तुम्ही विचारलंत म्हणून: दिवाळीत फुलं कुठून?

इंदूरच्या राजेंद्र नगरात आमच्या फाटकाशी थांबून दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच, काकू, आमचा टिकोमा अन् जास्वंद गणपतीपर्यंत फुलतात मग गप्प, तुमच्याकडे दिवाळीला पुन्हा कशी फुलं, खत कुठलं घालता?

खत नाही हो, कात्री. तीही वेळेवर.

टिकोमाची पिवळी फुलं गळली की बारीक लांब शेंगा लटकतात, लोकांना त्या दिसतच नाहीत, आणि एकदा शेंगा धरल्या की झाडाचा सगळा जोर बियांत जातो, नवी कळी कशाला काढेल ते? म्हणून शेंगा हिरव्या असतानाच फांदीचं वीतभर टोक धरून छाटायच्या. जास्वंदीला सहसा बी धरत नाही, पण तिच्या फांद्या लांबच लांब जातात आणि फुलं नव्या फुटीवरच येतात, मग तिलाही तेच. झाडाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त मात्र एका वेळी कापू नका.

वेळ म्हणाल तर इंदूरात ती पाठ करायला सोपी आहे, अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या, म्हणजे सजवलेले देखावे, निघतात ना, त्याच आठवड्यात कापायचं. तिथून दिवाळी साधारण दीड महिन्यावर, आणि नवी फूट वाढून कळ्या धरायला तेवढा वेळ लागतोच. लोक काय करतात, नवरात्र संपल्यावर जागे होतात, मग फुलं येतात ती दिवाळी उलटल्यावर. कापताना जीव होत नाही हे खरं, चार कळ्या असतातच फांदीवर, पण त्या चारांसाठी पुढच्या चाळीस जातात.

गुलाबाचं गणित वेगळं. त्याला ओल्या हवेत कापलं तर फांदी टोकाकडून काळी पडत खाली येते, म्हणून ऑक्टोबरच्या मध्यावर, पाऊस नक्की गेल्यावर, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या, म्हणजे जिथून नवी फूट निघते त्याच्या, जरा वर तिरपा काप. ४५ ते ५० दिवसांनी बहर, म्हणजे गुलाब देवदिवाळीचे समजा.

बोगनवेलीला तर उलट उपाशी ठेवायचं. पाऊस थांबला की पाणी तोडा, पानं थोडी मलूल दिसली की मगच द्या. रोज पाइप धरणाऱ्यांकडे नुसती हिरवी जाळी वाढते आणि वर म्हणतात नर्सरीवाल्यानं फसवलं.

आता खताचंही सांगते, नाहीतर म्हणाल काकू लपवतात. कापल्यावर दोन मुठी कुजलेलं शेणखत, चिमूटभर पोटॅश, बस. युरिया नाही, त्यानं पानंच येतात. आणि ते बोनमील, म्हणजे हाडांचा चुरा, ज्याच्यावर सगळ्यांचा भारी विश्वास, आपल्या माळव्याच्या काळ्या मातीत फारसं लागू पडत नाही, कारण ही माती अल्कधर्मी, म्हणजे पीएच सातच्या वर, आणि त्यात बोनमीलमधला फॉस्फरस विरघळतच नाही नीट.

जास्वंदीच्या कोवळ्या फुटीवर पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण, आधी पाण्याचा जोरदार फवारा मारा, दोन दिवसांनी कडुलिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात.

मोगऱ्याचं विचारूच नका. तो उन्हाळ्याचा, थंडीत झोपतो, त्याला जानेवारीच्या शेवटी कापा.